डागाळलेल्या दातांसाठी डॉक्टर निवडताना

वाचकाचे पत्र: माझे वय ३८ आहे. लहानपणी वारंवार आजारी पडत असल्याने पुष्कळ औषधे घ्यावी लागली आणि पुढचे पक्के दात आले तेच राखाडी-तपकिरी आडवे पट्टे घेऊन आले. फोटो काढताना मी ओठ मिटून हसते आणि हसू आवरले नाही की हात आपोआप तोंडापुढे जातो. दोनदा दात साफ करून घेतले, पण फरक पडला नाही. आता तीन दंतवैद्यांना दाखवले. एकांनी वरच्या दहा दातांना कॅप बसवून दोन भेटींत काम संपवू असे सांगितले, दुसऱ्यांनी ब्लीचिंग करून पाहू म्हटले, तर तिसऱ्यांनी मोबाइलवर पांढऱ्याशुभ्र दातांचे फोटो दाखवून व्हेनिअर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवायची पातळ कवचे, सुचवली. तीन महिन्यांनी मी नव्या पदावर रुजू होणार आहे आणि तेथे रोज लोकांसमोर उभे राहून बोलायचे आहे. या तिघांपैकी कोणाची निवड करावी आणि ती कशाच्या आधारे करावी? की इतक्या वर्षांनंतर हा केवळ दिसण्याचा हट्ट आहे?

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न मनात ठेवून दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेली व्यक्ती बाकीचे प्रश्न नीट विचारू शकत नाही. हा हट्ट नाही. हसताना तोंड झाकण्याची सवय वर्षानुवर्षे जडली की माणूस बोलतानाही ओठ कमी हलवू लागतो आणि समोरच्याचे म्हणणे ऐकताना त्याची नजर आपल्या दातांवर गेली का, याकडेच स्वतःचे अर्धे लक्ष असते. ही दमणूक मी दंतवैद्य म्हणून माझ्याकडे आलेल्या अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे आणि ती दूर व्हावी असे वाटण्यात ओशाळण्यासारखे काहीही नाही. आपण काहीतरी क्षुल्लक मागत आहोत अशी समजूत असलेला रुग्ण डॉक्टर जे सुचवतील त्याला लगेच मान डोलावतो, आणि या उपचारांत ते फार महागात पडते, म्हणून हे मुद्दाम आधी लिहिले.

आता त्या तिघांविषयी. तुम्हाला तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली, पण दात मुळात कशामुळे डागाळले हे कोणी खोलात जाऊन विचारल्याचे तुमच्या पत्रात दिसत नाही. माझ्या दृष्टीने निवडीची पहिली कसोटी हीच आहे, कारण सगळे डाग एका जातीचे नसतात. चहा, कॉफी, तंबाखू आणि क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक असलेला माउथवॉश यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात आणि स्केलिंग-पॉलिशिंगने निघतात. दात तयार होत असताना पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेले असेल, तर दंतवल्कातच, म्हणजे एनॅमल या दाताच्या सर्वांत वरच्या कठीण थरातच, खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी चट्टे उमटतात आणि त्यांतले वरवरचे चट्टे अगदी पातळ थर घासून किंवा रेझिन, म्हणजे पातळ लावून नंतर कडक होणारा प्लास्टिकसारखा पदार्थ, जिरवून बरेच फिके करता येतात. एकच दात काळवंडला असेल तर कधीकाळी मार लागून त्याची नस मेलेली असू शकते, आणि तेथे एक्स-रे पाहिल्याशिवाय रंगाविषयी बोलणेच चुकीचे ठरते.

तुम्ही वर्णन केलेले पट्टे बहुधा टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांचे असावेत. या गटातील पहिले औषध १९४८ साली पुढे आले. साधारण आठव्या वर्षापर्यंत, म्हणजे पक्के दात घडत असताना, ही औषधे दिली गेली तर ती दातात जमा होणाऱ्या कॅल्शियमला चिकटतात आणि कायमची दाताचा भाग बनतात. सुरुवातीचा पिवळसर रंग उजेड लागून हळूहळू तपकिरी-राखाडी होत जातो आणि म्हणूनच पुढचे दात मागच्या दाढांपेक्षा अधिक गडद दिसतात. हा रंग मुख्यतः दंतवल्काखालच्या डेंटिनमध्ये असतो आणि अर्धपारदर्शक दंतवल्कातून बाहेर डोकावतो, त्यामुळे दोनदा साफ करूनही फरक पडला नाही यात ना तुमची चूक आहे ना साफ करणाऱ्याची. माझा हा अंदाज पत्रावरून बांधलेला आहे. तो खरा की खोटा हे तोंडात पाहूनच ठरेल आणि ज्या डॉक्टरांकडे तुम्ही जाल त्यांनी तो स्वतः ठरवला पाहिजे. त्यांनी तुमच्या लहानपणीच्या आजारांची चौकशी करावी, एक्स-रे घ्यावेत, हिरड्यांतून रक्त येते का ते तपासावे आणि रात्री झोपेत तुम्ही दात खाता का हेही विचारावे, कारण सुजलेल्या हिरड्यांवर किंवा रोज रात्री घासल्या जाणाऱ्या दातांवर केलेले नाजूक काम टिकत नाही.

गडद दात झाकणे हे साध्या पिवळसर दातांना उजळा देण्यापेक्षा किती वेगळे आहे, हे मला एका चुकीतून शिकावे लागले. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत तुमच्यासारखेच दात असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांना घाई होती आणि मीही त्यांना थांबवले नाही. दात फारसे न घासता मी पोर्सेलिनची पातळ व्हेनिअर करून घेतली. ती प्रयोगशाळेतून आली तेव्हा डबीत अतिशय सुंदर दिसत होती, पण चिकटवून झाल्यावर गृहस्थांनी आरशात पाहून वरचा ओठ उचलला आणि मला दिसले की हिरडीजवळ, जिथे कवच सर्वांत पातळ होते, खालचा राखाडी रंग सावलीसारखा वर आला होता. पुढे ती सगळी काढून पुन्हा करावी लागली. पोर्सेलिन नवे आणता आले, पण काढताना त्यांच्या दाताचा जो थर गेला तो मी त्यांना परत देऊ शकले नाही.

कारण दंतवल्क पुन्हा वाढत नाही. पुढच्या दातांवर हिरडीजवळ त्याची जाडी जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते आणि नेमके तेथेच तुमच्यासारख्या दातांचा रंग सर्वांत गडद असतो. व्हेनिअर दाताला चिकटते ते या थराच्या आधारावर. १९२८ मध्ये चार्ल्स पिंकस यांनी चित्रपटातील नटांसाठी दातांवर बसवायचे मुखवटे तयार केले, तेव्हा ते चित्रीकरणापुरतेच टिकत, कारण पक्के चिकटवण्याची युक्तीच ठाऊक नव्हती. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दंतवल्कावर फॉस्फोरिक आम्ल लावून त्याला सूक्ष्म खडबडीतपणा आणला की रेझिन घट्ट धरते हे दाखवले, आणि आजचा सगळा डोलारा त्या शोधावर उभा आहे. डेंटिनवरही व्हेनिअर चिकटवता येते, पण दंतवल्काइतकी खात्री तेथे देता येत नाही. म्हणूनच कोणताही डॉक्टर निवडताना तुम्ही एक प्रश्न नक्की विचारावा: माझ्या दाताचा किती थर घासला जाईल, आणि घासून झाल्यावर खाली दंतवल्क उरेल की डेंटिन उघडे पडेल? या प्रश्नाचे उत्तर मिलिमीटरमध्ये आणि प्रत्येक दातासाठी वेगळे देणारा डॉक्टर आणि ‘थोडेसेच घासू’ म्हणून विषय बदलणारा डॉक्टर यांच्यातील फरक तुमच्या सहज लक्षात येईल.

याच कारणाने दहा कॅपच्या सल्ल्यावर तुम्ही लगेच होकार देऊ नये असे मी स्पष्टपणे सांगते. पूर्ण कॅपसाठी दात चहूबाजूंनी कोरावा लागतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापात पुढच्या दातांच्या पूर्ण कॅपसाठी दाताच्या बाहेर दिसणाऱ्या भागापैकी ६३ ते ७२ टक्के भाग जातो असे आढळले, तर व्हेनिअरसाठी, त्याच्या आराखड्यानुसार, ३ ते ३० टक्के. शिवाय इतके कोरलेल्या दातांपैकी काहींना पुढे रूट कॅनालची गरज पडते. ज्या दातांत आधीच मोठी भराई आहे, जे मोडलेले आहेत किंवा ज्यांचे रूट कॅनाल झाले आहे त्यांना कॅप योग्य ठरू शकते. निरोगी, न किडलेले दहा दात केवळ रंगासाठी इतके कोरण्यापूर्वी इतर मार्ग का चालणार नाहीत हे त्या डॉक्टरांनी तुम्हाला पटवून द्यायला हवे, आणि ‘दोन भेटींत’ हे त्याचे कारण होऊ शकत नाही.

ब्लीचिंग सुचवणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे तुम्हाला कदाचित सर्वांत कमी आकर्षक वाटले असेल, पण माझा कल त्यांच्या बाजूने आहे. अर्थात, त्यांनी ते कसे करणार हे नीट सांगितले असेल तरच. दवाखान्यात तासाभरात दिवा लावून केलेले ब्लीचिंग अशा पट्ट्यांवर फारसे चालत नाही. येथे उपयोगी पडते ती संथ पद्धत: तुमच्या दातांच्या मापाचा पातळ ट्रे, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड या रंग उजळवणाऱ्या रसायनाचे जेल आणि रोज रात्री तो लावून झोपणे. साध्या पिवळेपणाला दोन-तीन आठवडे पुरतात, पण टेट्रासायक्लिनच्या डागांना दोन ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. पिवळट-तपकिरी छटा चांगल्या निवळतात, राखाडी छटा चिवट असतात आणि हिरडीजवळचा भाग सर्वांत शेवटी, तोही थोडाच, उजळतो. या काळात दात शिवशिवू शकतात. तसे झाले तर एक-दोन रात्री खाडा करून पुन्हा सुरू करता येते. पट्टे पूर्ण गेले नाहीत तरी खालचा रंग जेवढा उजळेल तेवढे वरचे कवच पातळ ठेवता येते आणि तेवढा कमी दात घासावा लागतो. आधी पाया उजळून घ्यावा आणि उरलेले झाकावे, हा क्रम स्वतःहून मांडणारा डॉक्टर या कामातला जाणकार आहे असे समजायला हरकत नाही. ब्लीचिंग संपल्यावर किमान दोन आठवडे थांबूनच काही चिकटवावे लागते, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. हेही त्यांनी न विचारता सांगायला हवे.

तिसऱ्या डॉक्टरांनी दाखवलेल्या फोटोंविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आजकाल बहुतेकांची निवड फोटोंवरूनच होते. ते फोटो त्यांनी स्वतः केलेल्या कामाचेच आहेत ना, हे आधी विचारा आणि मग तुमच्याइतके गडद दात असलेल्या रुग्णांचे फोटो मागा. किंचित पिवळे दात पांढरे केलेले पन्नास फोटो तुमच्या कामाचे नाहीत, पट्टेदार राखाडी दातांचे तीनच फोटो मिळाले तरी ते अधिक सांगतात. उपचाराआधीच्या आणि नंतरच्या दोन्ही फोटोंत हिरड्यांचा आणि ओठांचा रंग सारखाच दिसतो का ते पाहा, कारण तोही बदलला असेल तर प्रकाश किंवा फोटोच बदललेला आहे. मग नजर हिरडीच्या कडेवर न्या. तेथे लालसर सूज किंवा करडी रेघ दिसली तर काम कितीही पांढरे असले तरी ते चांगले नाही. नंतर दातांच्या रंगाकडे पाहा. निसर्गतः सुळे शेजारच्या दातांपेक्षा एखादी छटा गडद असतात, प्रत्येक दात हिरडीकडे किंचित उबदार रंगाचा आणि खालच्या कडेला थोडा पारदर्शक असतो. गडद रंग झाकण्यासाठी अपारदर्शक पोर्सेलिन वापरावे लागते आणि ते बेताने वापरले नाही तर दात चुना फासल्यासारखे, निर्जीव दिसतात. सुळ्यांसकट सगळे दात एकाच सपाट पांढऱ्या रंगाचे असतील तर त्या डॉक्टरांना झाकणे जमले आहे, दात घडवणे जमलेले नाही. शक्य असेल तर त्याच रुग्णाचा चार-पाच वर्षांनंतरचा फोटोही मागा. जे डॉक्टर आपल्या रुग्णांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासतात त्यांच्याकडे तो असतो.

फोटोंपेक्षाही मोठा पुरावा तुमच्या स्वतःच्या तोंडात मिळू शकतो. दाताला यंत्र लावण्याआधी डॉक्टर तुमच्या दातांचा साचा किंवा स्कॅन घेतात, त्यावर मेणाने किंवा संगणकावर नवे दात घडवतात आणि त्या आकाराचा तात्पुरता रेझिनचा थर तुमच्या न घासलेल्या दातांवर चढवून दाखवतात. याला मॉक-अप म्हणतात. तो लावून नुसते आरशात पाहू नका, दहा मिनिटे बोला, मोठ्याने वाचा, खळखळून हसा. ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला सहज टेकते का, ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते का, हे ऐका. तुमच्या पदाचे काम बोलण्याचे आहे, तेव्हा हे तुमच्यासाठी रंगाइतकेच महत्त्वाचे आहे. मॉक-अपची गरज नाही असे म्हणणाऱ्या डॉक्टरांकडून पुढच्या दातांचे काम मी स्वतःच्या घरच्या कोणालाही करू देणार नाही.

कौशल्य ओळखण्याची आणखी एक जागा आहे, ती म्हणजे रंग निवडण्याची वेळ. कुशल डॉक्टर भेटीच्या अगदी सुरुवातीला, तोंड ओले असताना, लिपस्टिक पुसायला लावून, दिवसाच्या उजेडात छटांच्या पट्टीतील नमुने तुमच्या दाताशेजारी धरतात, कारण दात कोरडा पडला की तो आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो आणि काम संपत आल्यावर निवडलेला रंग हमखास चुकतो. तुमच्यासारख्या दातांत ते आणखी एक गोष्ट करतात. दात घासून झाल्यावर उघड्या पडलेल्या दाताच्या रंगाचा नमुन्याच्या पट्टीसह फोटो काढून तो प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला पाठवतात. तंत्रज्ञाला खाली काय लपवायचे आहे हेच ठाऊक नसेल तर तो अंदाजानेच पोर्सेलिन रचणार. म्हणून काम कोणती प्रयोगशाळा करते, तंत्रज्ञाशी डॉक्टर स्वतः बोलतात का आणि कायमचे चिकटवण्यापूर्वी ट्राय-इन पेस्ट, म्हणजे नंतर धुऊन टाकता येणारी तात्पुरती पेस्ट, लावून रंग तुम्हाला दाखवतात का, हे विचारायला संकोच करू नका. या कामाचे निम्मे श्रेय त्या न दिसणाऱ्या तंत्रज्ञाचे असते आणि चांगले डॉक्टर ते मोकळेपणाने सांगतात.

पाटीवरील ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ या शब्दांवर मात्र विसंबू नका. अमेरिकन डेंटल असोसिएशनने मान्य केलेल्या विशेषज्ञ शाखांतही कॉस्मेटिक डेंटिस्ट्री नाही, आणि हे बिरुद दोन दिवसांचे शिबिर करूनही लावता येते. नोंदणीकृत दंतवैद्यकाची पदवी तर हवीच, त्यावर प्रोस्थोडोंटिक्स (कॅप, कवळी यांसारखे कृत्रिम दात बसवण्याचे शास्त्र) किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री (मूळ दात भराई वगैरे करून वाचवण्याचे शास्त्र) या विषयांतील पदव्युत्तर शिक्षण असेल तर चांगलेच. तरीही वर सांगितलेल्या गोष्टी करणारा साधा पदवीधर मी त्या न करणाऱ्या विशेषज्ञापेक्षा पुढे ठेवीन. पदवीविना घरी येऊन व्हेनिअर चिकटवून देणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नका. लिंबू, कोळशाची पूड यांसारखे घरगुती प्रयोगही नकोत, कारण आम्लाने आणि घर्षणाने तुमच्याकडे असलेले मोलाचे दंतवल्कच झिजते.

दात न घासता बसणाऱ्या व्हेनिअरची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. फिकट दातांवर ती कधी चांगली दिसतात, पण गडद दातावर तेवढ्या पातळ कवचाने रंग झाकत नाही आणि कवच जाड केले तर दात पुढे आल्यासारखे दिसतात. कॉम्पोझिट रेझिनचे, म्हणजे दाताच्या रंगाच्या भराईच्या पदार्थाचे, थर दाताला कमी इजा करतात आणि दुरुस्तीला सोपे असतात, मात्र त्यांची चमक लवकर जाते आणि साधारण पाच-सात वर्षांत ते बदलावे लागतात. पोर्सेलिन व्यवस्थित सांभाळले तर दहा-पंधरा वर्षे किंवा अधिक टिकते. तुमचे वय लक्षात घेता पोर्सेलिनही आयुष्यात किमान दोनदा बदलावे लागेल असे धरून चाला. म्हणून लेखी खर्चपत्रक मागताना मॉक-अप, तात्पुरती व्हेनिअर, झोपेत दात घासले जाऊ नयेत म्हणून रात्री लावायचा गार्ड आणि एखादे व्हेनिअर निघाले किंवा तडकले तर त्याची जबाबदारी कोणाची, हे सगळे त्यात आहे का ते पाहा.

दहा हा आकडाही तपासून घ्या. बोलताना आणि मनापासून हसताना तुमचे नेमके कोणते दात दिसतात हे डॉक्टरांनी तुमचा छोटा व्हिडिओ काढून मोजावे. कोणाचे वरचे सहा दिसतात, कोणाचे दहा, आणि काहींचे बोलताना खालचेच दात अधिक दिसतात. वरचे दात झगझगीत पांढरे आणि खालचे राखाडी असा विरोध टाळण्यासाठी खालचे दात नुसते ब्लीच करून वरची छटा त्यांना साजेशी, थोडी सौम्य निवडणे मला नेहमी शहाणपणाचे वाटत आले आहे.

राहिली तीन महिन्यांची मुदत. त्या तारखेपर्यंत सगळे संपवण्याचे वचन देणाऱ्याला केवळ त्या वचनासाठी निवडू नका. या आठवड्यात ब्लीचिंग सुचवणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा जा, वरचे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि त्यांची उत्तरे समाधानकारक वाटली तर हिरड्यांची सफाई करून ट्रे सुरू करा. पहिले दहा आठवडे रोज रात्री तो लावलात तर रुजू होण्याच्या दिवशी पट्टे असतील, पण बहुधा आजच्यापेक्षा फिके असतील आणि तुमचा एकही दात घासलेला नसेल. उत्तरे समाधानकारक नसतील तर एक्स-रे आणि फोटोंची प्रत मागून घेऊन चौथ्या डॉक्टरांकडे जा, त्या प्रती मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. व्हेनिअरचा निर्णय नव्या कामात स्थिरावल्यावर, ब्लीचिंगने रंग जिथे थांबेल तो पाहून घ्या. तेव्हा कदाचित दहाऐवजी चार किंवा सहा दातच झाकावे लागतील.